दुसऱ्याच मशीनचा ड्राइव्ह

डोणगाव,
मार्गशीर्ष

प्रिय शरयू,

हे फोनवर सांगता आलं नसतं. दिवाळीला तू फोन केलास तेव्हा मनात होतं. पण तू माझ्या गुडघ्यांचं विचारलंस, मी तुझ्या बीपीचं विचारलं, पुण्यात थंडी पडली का तेही विचारलं, आणि फोन संपला. आपले फोन तेवढेच असतात. म्हणून पत्र. हात हल्ली थोडा थरथरतो. अक्षर लागेल तसं लावून घे.

शाळेची जुनी इमारत पाडायला घेतली आहे. पाडण्याआधी प्रयोगशाळेमागची खोली रिकामी केली. मोडकी बाकं, फुटकी परीक्षानळ्यांची घोडी, नकाशे, आणि त्यांच्याखाली आपला कॉम्प्युटर. भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, हा मला द्या. ते म्हणाले, सर, न्या, पण याचं तुम्ही काय करणार? पंजाबराव बरोबर होता. तुला आठवत असेल, आपला शिपाई. आता ऐकू कमी येतं, पण बोलणं तेच. हातगाडीवर ते धूड चढवताना म्हणाला, सर, हे डबडं तुमच्या आधी जाते का तुमच्या मांगून, तेवढं पाहून घ्या म्हंजे झालं.

ते मी कशासाठी आणलं, हे तुला सांगायला नको. आपल्या स्वरदाची फ्लॉपी चालावी म्हणून.

मशीन चालू झालं. मला वाटलं होतं तेवढा त्रास झाला नाही. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा धूर निघाला आणि घरभर कुजक्या माशासारखा वास सुटला. शेजारच्या सिंधूताई पदर नाकाला लावून दारात उभ्या. काय जाळून राह्यले सर, म्हणाल्या. जळालेला सुटा भाग बदलला. दुसऱ्या वेळी मशीननं ती शिटी दिली, आधी जाड, मग बारीक. ती तू ऐकलेली आहेस, एकदा. टीव्हीवर अक्षरं आली. मग मागची पट्टी काढून ड्राइव्ह तपासला. फ्लॉपी ज्यात घालतात तो लोखंडी डबा. तो संपलेला होता. मोटर गच्च बसली होती, आतला पट्टा जळून काळा पडला होता. असा ड्राइव्ह आता मिळत नाही. तेव्हाही नागपूरहून दुरुस्तीला माणूस यायचा होता. तो आला नाही, आणि सरकारी मालाचं सील तोडायची मला परवानगी नव्हती.

मशीन तालुक्याच्या शाळेसाठी आलं होतं. तिथं कुलूप लागेल अशी खोली नव्हती, म्हणून ते डोणगावला आलं. मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी त्याला घाबरायचो. स्वरदा घाबरली नाही. आठवीतली पोर. शाळा सुटली की दप्तर बाकावर टाकून त्याच्यापुढं बसायची. तू घरी विचारायचीस, एवढा वेळ शाळेत काय करतेस? ती म्हणायची, आई तू ये, मंग दाखवतो. तू म्हणायचीस, मंग नाही, मग. दाखवतो नाही, दाखवते. ती हसायची आणि पुन्हा मंग म्हणायची. तुझ्या कानाला आमची बोली कधी रुचली नाही. ती बाहेर एक बोलायची आणि उंबऱ्याच्या आत एक. मला मात्र तिनं सांगितलं होतं, बाबा, मी मशीनले आपल्यासारखं बोलाले शिकवून राह्यली. मशीनले कोण रागावते?

त्या मशीनला मराठी येत नव्हती. तिनं चौकटीच्या वहीवर एकेक अक्षर काढलं. आठ चौकटी आडव्या, आठ उभ्या, भरलेली चौकट काळी. 'क्ष' त्यात बसेना, तेव्हा क्ष असलेले शब्दच तिनं वर्ज्य केले. 'ळ'साठी रडकुंडीला आली होती. पण केलं. प्रोग्राम सुरू झाला की पडद्यावर यायचं: कोण व्हय? मग आपलं नाव इंग्रजी अक्षरात टाकायचं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांना मशीन म्हणालं, बसा सर, पण कशाले हात लावू नका. ते खूष झाले आणि खरंच हात मांडीवर ठेवून बसले. पंजाबरावाचं नाव तिनंच टाकलं, तेव्हा आलं, भाऊ, घंटा वाजवा, पोट्टे वाट पाहून राह्यले. तो खरोखर उठून गेला आणि तास संपायच्या आधी घंटा देऊन आला. मी 'बाबा' टाकलं. आलं, बाबा, चष्मा डोक्यावर हाय. मी डोक्याला हात लावला. चष्मा होता.

'आई' टाकायला मी बोट पुढं केलं तेव्हा तिनं माझा हात धरला. ते आईसाठी हाय, म्हणाली. तुम्ही टाकायचं नाही. आई बसली की आईच टाकन.

तू दिवाळीनंतर शाळेत येणार होतीस. तसं ठरलं होतं. सुट्टीत तिला ताप आला. तुळशीच्या लग्नाआधी ती गेली. ते पुन्हा लिहीत नाही.

शाळा उघडली त्या दिवशी तू आलीस. आपण तास चालू असताना गेलो आणि वर्ग आपोआप गप्प झाले. पंजाबरावानं खोली झाडून ठेवली होती, आणि तुझ्यासाठी ऑफिसातली हाताची खुर्ची आणून मांडली होती. मी फ्लॉपी घातली. लाल दिवा लागला. आतून करकर असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. पडद्यावर आलं, ड्राइव्हमध्ये दोष. मी काढून घातली, झटकून घातली, पुसून घातली. तू त्या हाताच्या खुर्चीत बसून होतीस. मग विचारलंस, तिनं काय लिहिलं होतं? मी म्हटलं, तुझा भाग मी पाहिलेला नाही. तू माझ्याकडं पाहिलंस. तुम्ही पाहिलंय, म्हणालीस. तुम्हाला ते माझ्यापासून ठेवायचंय.

मी नाही म्हणत राहिलो. जितक्या वेळा म्हटलं तितकं ते मलाच खोटं वाटू लागलं. सुट्टीआधीपर्यंत मशीन चालू होतं, किल्ली माझ्याकडं होती, आणि ते बंद पडलं तुझ्या दिवशी. दुसरं कोणी असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. तू फ्लॉपी घेतलीस. लेबलावर तिचं अक्षर होतं, त्यावरून बोट फिरवलंस, पर्समध्ये ठेवलीस. त्याच आठवड्यात तू पुण्याला भावाकडं गेलीस, थोडे दिवस म्हणून. नंतर वहिनींचं दुखणं निघालं, मग आपल्या भाच्याची, चिन्मयची शाळा, मग तुझी नोकरी. कारणं खरी होती. मी कधी म्हटलं नाही की खोटी आहेत.

ड्राइव्हचं सांगत होतो. मेहकरला राजकुमारचा छापखाना होता, लग्नपत्रिकांचा. आता बंद आहे. त्याच्या माळ्यावर जुनं मशीन होतं, त्यात तेवढ्याच फ्लॉपीचा ड्राइव्ह. न्या ना सर, म्हणाला, उंदराले घर झालं होतं, दुसरं काय. मी पिशवीत घालून एसटीनं आणला. बाहेरून तसाच दिसतो. समोरची पट्टी तेवढीच, खाच तेवढीच, मागची केबलही बसते. बसते, पण चालत नाही. तो दुसऱ्याच जातीच्या मशीनसाठी केलेला आहे.

आधी तो 'ओ'च देईना. प्रत्येक ड्राइव्हला एक क्रमांक लावलेला असतो. आपलं मशीन पहिल्याला हाक मारत होतं आणि हा स्वतःला दुसरा समजून गप्प बसला होता. हजेरीत नाव चुकलं की पोरगं समोर असून गैरहजर लागतं, तसं. त्याच्या पोटातली एक बारकी पिन हलवली तेव्हा दिवा लागला. मग कळलं, तो फिरतो जास्त वेगानं. मशीन वाचायला जातं तोवर अक्षर पुढं गेलेलं असतं. त्याचाही उपाय सापडला, दोन ठिकाणी तारा जोडून. इंटरनेटवर या मशीनांचे वेडे लोक आहेत. कुठले कुठले, म्हातारेच बहुतेक. मी मोडक्या इंग्रजीत विचारतो आणि ते न कंटाळता सांगतात. एकानं विचारलं, तुमच्या फ्लॉपीवर काय आहे? मी लिहिलं, शाळेचं काम.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. फ्लॉपीवर गोल रेघा असतात, दिसत नाहीत, पण असतात. जुन्या ड्राइव्हच्या रेघा रुंद. याचं वाचणारं टोक बारीक, आणि तो निम्म्या अंतराचं पाऊल टाकतो. त्यामुळं तिच्या पहिल्या रेघेवरून निघाला की दुसरीवर पोचायच्या आधीच थांबतो, दोन रेघांच्या मध्ये, आणि म्हणतो इथं काही नाही. त्याला दर वेळी दोन पावलं टाकायला लावावी लागतात. मशीननं एक इशारा दिला की याच्यापर्यंत दोन पोचले पाहिजेत. तेवढ्यासाठी मी एक लहानशी पट्टी तयार केली. दिवाळीचा तुझा फोन आला तेव्हा मी तीच जोडत होतो. हात थरथरतो म्हणून मनगट पुस्तकांवर टेकून.

पट्टी चालली. शाळेच्या भूमितीच्या धड्याची एक फ्लॉपी ढिगात सापडली होती, ती घातली. करकर झाली नाही. मऊ टकटक झाली, आणि पडद्यावर त्रिकोण आला. मी सिंधूताईंना हाक मारली. त्या भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन आल्या. त्रिकोण पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. एवढ्यासाठी दिवस घालवले काय सर, म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. मग त्यांनी मला दोन घास खाऊन घ्यायला लावलं. जेवून मी तीच फ्लॉपी पुन्हा घातली. या खेपेला काही आलं नाही. काढून उजेडात धरली. तपकिरी चकतीवर एक स्वच्छ, गोल ओरखडा पडला होता, आरपार दिसेल असा. जुन्या फ्लॉपीवरचा लेप सुटतो. टोक फिरतं तेव्हा वाचता वाचता खरवडून काढतं. ती एकदा वाचली गेली, आणि संपली.

म्हणजे तिची फ्लॉपीही कदाचित एकदाच वाचली जाईल. कदाचित एकदाही नाही. इंटरनेटवरचे लोक म्हणतात, आधी नक्कल काढून घ्या. पण नक्कल काढायलाही तेच टोक त्याच चकतीवरून फिरणार. पहिली फेरीच शेवटची असेल तर ती नकलेवर घालवायची का, हे त्यांना विचारता येत नाही. त्यांना मी शाळेचं काम म्हणून सांगितलेलं आहे.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी दोनदा कागद बदलला.

राजकुमारच्या ड्राइव्हची दाराची खिट्टी तुटकी आहे. फ्लॉपी घातली की दार आपोआप वर येतं. मी बोटानं दाबून धरत होतो, पण थरथरत्या बोटानं ते बरं नाही. म्हणून जुन्या ड्राइव्हची खिट्टी काढायला तो पहिल्यांदा पूर्ण उघडला. सील मीच तोडलं. आता परवानगी कोणाची मागणार? वरचं झाकण काढलं. वाचणारं टोक ज्या पोलादी दांडीवरून पुढंमागं सरकतं, त्या दांडीच्या शेवटाला, टोकाला मागं जायची जी शेवटची जागा, तिथं एक तांदळाचा दाणा अडकलेला होता. पिवळा. दांडीवर कुंकवाचा सुकलेला ठिपका. ड्राइव्ह सुरू होताना टोकाला आधी तिथं मागं जावं लागतं, पहिल्या रेघेवर. तिथून मोजणी सुरू होते. ते जात होतं, दाण्यावर आदळत होतं, परत येत होतं. ती करकर तीच. मी पुन्हापुन्हा चालू करत राहिलो आणि त्यात पट्टा जळला.

मी पंजाबरावाला बोलावून दाणा दाखवला. त्यानं चष्मा वर करून पाहिला. मग म्हणाला, दसऱ्याचा हाय सर.

त्या वर्षीची खंडेनवमी मला आठवत होती, पण एवढी नाही. शाळेत दर वर्षी अवजारं पुजायची. घंटा, तराजू, बागेतलं फावडं, पेटी. त्या वर्षी पहिल्यांदा कॉम्प्युटर. मी कार्यालयात होतो, प्रसादाच्या केळ्यांची व्यवस्था पाहत. पूजा स्वरदानं केली. पंजाबराव ताट धरून उभा होता. तो सांगत होता, म्या म्हटलं पोरीले, बाई, दुरून टाक, इजेचं काम हाय. तर म्हणे, भाऊ, जवळून टाकल्याबिगर पावत नाही. खाचेपाशी वाकली अन् चिमटीनं अक्षता वाह्यल्या. एकेक. मंग हात जोडून त्याले काईतरी बोलली बी. काय बोलली ते मले तवाही आईकू नाही आलं. एवढं सांगून तो ओसरीत जाऊन बसला. त्या दिवशी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, पुढं सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. त्यानंतर कोणी फ्लॉपी घातलीच नव्हती. पहिली घातली ती आपण.

शरयू, हे मी स्वतःला सोडवून घ्यायला लिहीत नाही. तसं वाचलंस तरी मी काही म्हणणार नाही. तुझा माझ्यावरचा संशय मला सवयीचा झाला होता, तो आणखी थोडी वर्षं चालला असता. खरं तर हा दाणा सापडल्यावर मला वाटलं, सांगू नये. मी बंद पाडलं असं तुला वाटत राहणं एक वेळ चालेल. तिच्या हातून पडलं हे तू कसं घेशील, मला ठाऊक नाही. मी अजून नीट घेऊ शकलेलो नाही. दाणा काचेच्या बशीत ठेवला आहे. हळद अंधारात राहिल्यामुळं अजून पिवळी आहे. तिच्या चिमटीतून सुटलेला आहे. आपल्याजवळ तिच्या बोटांचं दुसरं काय आहे, मी आठवून पाहिलं. चौकटीची वही वाळवीनं खाल्ली. एक फ्लॉपी, लेबलासकट, तुझ्याकडं. एक दाणा माझ्याकडं.

तर मशीन तयार आहे. खिट्टी बसवली, दार नीट बंद होतं. फ्लॉपी तू कुठं ठेवली आहेस ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. फक्त ती पोस्टानं पाठवू नकोस, कुरिअरनंही नाही. चिन्मयला देऊ नकोस. तो हुशार आहे, म्हणून देऊ नकोस. तो प्रयत्न करील. कुठल्याही बेमेल ड्राइव्हनं त्यावर एक अक्षर जरी लिहिलं, तर तिच्या रुंद रेघेवर त्याची बारीक रेघ पडेल आणि दोन्ही वाचता येणार नाहीत. कडेच्या खाचेवर कागदाची चिकटपट्टी लावून घे, म्हणजे लिहिलं जाणार नाही. पुण्याहून मेहकरला थेट गाडी आहे, पुढं मी घ्यायला येईन. यायचं नसेल तर ती आहे तशी तुझ्याजवळ राहू दे. मी पुन्हा विषय काढणार नाही, दिवाळीला गुडघ्यांचंच बोलू. आलीस तर फ्लॉपी तू घालायचीस. 'कोण व्हय?' आलं तर 'आई' तूच टाकायचंस, आणि न आलं तरी त्या वेळी तिथं तूच असायला हवीस. तिनं तसं सांगितलं होतं. मी ओसरीत पंजाबरावाजवळ बसेन. शाळेतली ती हाताची खुर्चीही भंगारात निघाली होती, ती आणून मशीनपुढं ठेवली आहे. दुसरी ठेवलेली नाही.

तुझाच,
अनंत